डोके आणि शेपूट : पृष्ठसक्रिय रेणूंच्या अभ्यासाची प्रस्तावना

घट्ट पदार्थात पाणी घातले की तो पातळ होतो, हा पिठल्यापासून डिंकापर्यंत सर्वत्र लागू पडणारा अनुभव आहे; मात्र द्रव साबण आणि शाम्पू तयार करणाऱ्या कारखान्यांचे ज्या कच्च्या मालावाचून पान हलत नाही, त्या सोडियम लॉरेथ सल्फेटच्या बाबतीत तो सपशेल खोटा ठरतो. बाजारात ‘एसएलईएस’ या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा हा पदार्थ सुमारे ७० टक्के तीव्रतेच्या पेस्टच्या रूपात पिंपांतून येतो, आणि ही पेस्ट दाट असली तरी पंपाने ओढता येते. तीत थोडे थोडे पाणी घालत गेल्यास ती सैल होण्याऐवजी अधिकच ताठरते, ढवळणीचे पाते अडवून धरील असा पारदर्शक गोळा तयार होतो, आणि तीव्रता ३० टक्क्यांच्या खाली उतरल्यावरच तो सुटून पाण्यासारखा वाहू लागतो. म्हणून पेस्टमध्ये पाणी ओतायचे नाही, पाण्यात पेस्ट सोडायची, असा दंडक या व्यवसायात पाळला जातो. असे का घडते, या प्रश्नाचे उत्तर एका रेणूच्या घडणीत, अशा असंख्य रेणूंनी पाण्यात मांडलेल्या व्यूहात आणि पाण्याच्या स्वतःच्या स्वभावात दडलेले आहे, आणि प्रस्तुत विषयाचा गाभाही तोच आहे.

ज्या पदार्थाचे रेणू द्रवाच्या पृष्ठभागावर गोळा होऊन त्याचा पृष्ठताण कमी करतात, त्याला पृष्ठसक्रिय पदार्थ किंवा पृष्ठसक्रियक म्हणतात. अशा रेणूला दोन परस्परविरोधी स्वभावाचे भाग असतात : पाण्याशी सहज जुळवून घेणारे जलस्नेही डोके आणि पाण्यापासून दूर राहू पाहणारे, बहुधा कार्बन-हायड्रोजनच्या लांब साखळीचे, जलविरोधी शेपूट. साबण हा यांपैकी सर्वांत परिचित पदार्थ असून तो वसाम्लांचा क्षार आहे, हे मिशेल शेव्हरल यांनी प्राणिज चरबीवरील आपल्या १८२३ च्या ग्रंथात दाखवून दिले. पण साबण माहीत नव्हता तेव्हाही रिठा आणि शिकेकाई घराघरांत होतीच, आणि त्यांतील सॅपोनिने ही याच कुळातली. अंड्याच्या बलकातील लेसिथिन, यकृतातून स्रवणारे पित्तक्षार, फुफ्फुसाच्या वायुकोशांना आतून लेपणारा पातळ थर, हेही त्याच कुळातले. डोक्यावरील विद्युतभारानुसार या पदार्थांचे ऋणायनी, धनायनी, अनायनी आणि उभयधर्मी असे चार वर्ग पाडले जातात. हे वर्गीकरण सोयीचे आहे, परंतु त्यावरून रेणू पाण्यात कसा वागेल याचा अंदाज फारसा बांधता येत नाही. त्यासाठी रेणूची मापे हातात घ्यावी लागतात.

मापांकडे वळण्यापूर्वी शेपूट पाण्याला का टाळते हे स्पष्ट व्हायला हवे, कारण येथे एक गैरसमज चांगलाच मुरलेला आहे. तेल आणि पाणी यांच्या रेणूंत तिरस्काराचे काही बल असते, असे सर्रास मानले जाते. वस्तुतः त्यांच्यात सौम्य का होईना, आकर्षणच असते. अडचण पाण्याच्या बाजूची आहे. पाण्याचे रेणू एकमेकांशी हायड्रोजन बंधांनी जोडलेले असतात आणि हे बंध ते क्षणोक्षणी मोडत-जोडत असतात. बंध जोडू न शकणारे शेपूट मध्ये आले की त्याच्या भोवतीच्या रेणूंना आपले बंध टिकवण्यासाठी ठरावीक दिशांनाच तोंड करून राहावे लागते, म्हणजेच त्यांची मोकळीक कमी होते. या मोकळिकीचे जे शास्त्रीय माप, ती एन्ट्रॉपी घटते. अनेक शेपटे एकत्र येऊन आत दडली की त्यांच्याभोवती अडकलेले पाणी सुटते आणि एन्ट्रॉपी पुन्हा वाढते. नेहमीच्या तापमानाला असा पुंज, म्हणजे मिसेल, बनताना उष्णतेची देवघेव अगदी थोडी होते आणि जवळपास सगळा हिशेब एन्ट्रॉपीवर मिटतो, याचे कारण हेच. चार्ल्स टॅनफर्ड यांनी १९७३ मध्ये या जलविरोधी परिणामावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले, आणि प्रथिनांच्या घड्यांपासून पेशीच्या आवरणापर्यंत एकच सूत्र कसे चालते ते मांडले.

‘मिसेल’ हा शब्द लॅटिनमधील कण या अर्थाच्या शब्दावरून आला असून एकोणिसाव्या शतकात वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल नेगेली यांनी तो वेगळ्याच संदर्भात वापरला होता. साबणाच्या द्रावणाला तो चिकटला जेम्स विल्यम मॅकबेन यांच्यामुळे. कॅनडात जन्मलेले आणि इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे अध्यापन करणारे मॅकबेन साबणाच्या द्रावणांची विद्युतवाहकता मोजत होते, तेव्हा त्यांना एक विसंगती आढळली : द्रावण विजेचे वहन चांगले करते, म्हणजे त्यात आयन भरपूर असले पाहिजेत, पण बाष्पदाबात होणारी घट मोजली तर विरघळलेल्या कणांची संख्या फारच थोडी भरते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असायच्या तर आयनांनी एकत्र येऊन भारयुक्त पुंज बनवलेले असले पाहिजेत, असा निष्कर्ष त्यांनी १९१३ मध्ये काढला. समान भाराचे आयन आपण होऊन एकत्र येतात ही कल्पना त्या काळी पचनी पडणे कठीण होते, आणि ती रुजायला बराच काळ गेला. ब्रिस्टलनंतर मॅकबेन अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले आणि निवृत्तीनंतर पुण्यात आले. पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झाले, तेव्हा तिचे पहिले संचालक हेच मॅकबेन होते आणि १९५२ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले. मिसेलची कल्पना मांडणारा माणूस पुण्यात राहून गेला, ही गोष्ट मराठी विज्ञानलेखनात जितकी यायला हवी होती तितकी आलेली नाही.

पुंज असतात हे मॅकबेन यांनी ओळखले. पुंजाचा आकार मात्र त्यांना नीट साधला नाही. ते थरांच्या, पापुद्र्यांसारख्या मिसेलचा आग्रह शेवटपर्यंत धरत राहिले. डोकी बाहेर पाण्याकडे आणि शेपटे आत, असा गोल, तोही आतून द्रवासारखा सैल, हे चित्र जी. एस. हार्टली यांनी १९३६ मध्ये स्पष्टपणे रेखले आणि विरल द्रावणांपुरते तेच टिकले. पाठ्यपुस्तकांतील आकृतीत हा गोल टाचणीच्या उशीत खोचलेल्या टाचण्यांसारखा सुबक दिसतो, पण आकृतीवर फार विसंबू नये. शेपटे सरळ रेषेत उभी नसतात, ती वेडीवाकडी वळलेली असतात. एखादा रेणू पुंजातून सुटून पाण्यात जाणे आणि दुसरा आत येणे हे साधारणपणे सेकंदाच्या लाखाव्या-दशलक्षाव्या भागाच्या हिशेबाने चाललेले असते. आणि संपूर्ण पुंजच विस्कटून नाहीसा होण्यास मिलिसेकंदांपासून सेकंदांपर्यंतचा काळ पुरतो. मिसेल ही वस्तू म्हणण्यापेक्षा रेणूंची ये-जा चालू असलेली वस्ती आहे, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

पृष्ठसक्रियक पाण्यात मिसळत गेल्यास त्याचे रेणू आधी पृष्ठभागावर जागा धरतात आणि पृष्ठताण उतरत जातो. पृष्ठभाग भरला की ठरावीक संहतीनंतर, म्हणजे दर लिटरमागे रेणूंचे ठरावीक प्रमाण गाठल्यावर, पुढचे रेणू मिसेल बनवू लागतात आणि पृष्ठताण जवळजवळ तेथेच थांबतो. या वळणाला क्रांतिक मिसेल-संहती म्हणतात. सोडियम डोडेसिल सल्फेट या १२ कार्बनच्या शेपटाच्या, सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या पदार्थासाठी २५ अंश सेल्सिअसला ती लिटरला सुमारे ८ मिलिमोल, म्हणजे अडीच ग्रॅमच्या थोडी आतच आहे. डोके तेच ठेवून शेपूट ८ कार्बनचे केले तर ती १३० मिलिमोलच्या आसपास जाते, १० कार्बनला ३३ आणि १४ कार्बनला जेमतेम २. शेपटात एकेक कार्बन वाढला की संहती जवळपास निम्मी होते, असा हा सरळ नियम आहे. डोक्याचा परिणामही तितकाच ठळक आहे : तेच १२ कार्बनचे शेपूट घेऊन भारित सल्फेटऐवजी ऑक्सिएथिलीनच्या ८ घटकांचे भाररहित डोके जोडले तर लिटरला ०.१ मिलिमोलच्या सुमारासच मिसेल बनू लागतात, कारण शेजारी-शेजारी बसलेल्या डोक्यांना एकमेकांच्या भारामुळे होणारे प्रतिकर्षण आता सोसावे लागत नाही.

एवढ्यावरून शेपूट जितके लांब तितके बरे, असे वाटेल. पण लांबीची किंमत दुसरीकडे चुकवावी लागते. शेपटे लांबली की ती घनरूपातही एकमेकांना घट्ट बिलगतात आणि स्फटिक सोडून पाण्यात येण्यास तयार होत नाहीत. ज्या तापमानाखाली पृष्ठसक्रियकाची विद्राव्यता त्याच्या क्रांतिक मिसेल-संहतीपर्यंत पोहोचतच नाही आणि म्हणून मिसेल बनतच नाहीत, त्याला जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिश क्राफ्ट यांच्या नावाने क्राफ्ट तापमान म्हणतात. जीवरसायनाच्या प्रयोगशाळेत सोडियम डोडेसिल सल्फेटचे द्रावण ४ अंशांच्या शीतकपाटात राहून गेले, तर सकाळी बाटलीत पांढरे स्फटिक दिसतात आणि कोमट पाण्यात बाटली धरली की ते विरघळून जातात. यात द्रावण बिघडलेले नसते, क्राफ्ट तापमान ओलांडले गेलेले असते, इतकेच. साबणांतही हेच दिसते. १८ कार्बनच्या स्टिअरिक अम्लाचा सोडियम साबण गार पाण्यात ढिम्म राहतो, तर तितक्याच कार्बनच्या ओलेइक अम्लाचा साबण विरघळतो, कारण ओलेइकच्या शेपटात मधोमध एक दुहेरी बंध असून त्यामुळे शेपटाला कायमचा बाक आलेला असतो आणि बाकदार शेपटे स्फटिकात नीट रचली जात नाहीत. खोबरेलात १२ कार्बनच्या लॉरिक अम्लाचा वाटा जवळपास निम्मा असल्याने त्याचा साबण गार पाण्यात, एवढेच काय खाऱ्या पाण्यातही, फेस देतो. चरबीच्या साबणाला ते जमत नाही. सोडियमऐवजी पोटॅशियम वापरले की साबण मऊ किंवा द्रव होतो, हेही याच हिशेबात बसते. धुलाईच्या व्यवसायाने शेपटासाठी १२ ते १४ कार्बनांच्या आसपासची लांबी निवडली, ती या ओढाताणीतून.

आता मापांकडे. रेणूच्या शेपटाचे आकारमान, ते पूर्ण ताणल्यावर होणारी लांबी आणि पुंजाच्या पृष्ठावर एका डोक्याच्या वाट्याला येणारे क्षेत्रफळ या तीन राशी घेऊन पुंजाचा आकार सांगता येतो, हे जेकब इस्राएलाश्विली, जॉन मिचेल आणि बॅरी निनहॅम यांनी १९७६ मध्ये मांडले. आकारमानाला क्षेत्रफळ आणि लांबी यांच्या गुणाकाराने भागले की जी संख्या येते, तिला संकुलन गुणोत्तर, म्हणजे रेणू दाटीने कसे बसतील याचे माप, म्हणतात. त्यामागील भूमिती शालेय आहे. गोलाचे आकारमान त्याचे पृष्ठफळ गुणिले त्रिज्येचा तिसरा भाग इतके असते, लांब दंडगोलाचे पृष्ठफळ गुणिले त्रिज्येचा अर्धा भाग, आणि सपाट थराचे पृष्ठफळ गुणिले जाडी. पुंजाच्या मध्यभागी पोकळी राहू शकत नाही, म्हणजे गोलाची त्रिज्या ताणलेल्या शेपटाहून मोठी होऊ शकत नाही. या दोन गोष्टी एकत्र आणल्या की गुणोत्तर एक-तृतीयांशापर्यंत असेल तर गोल, तेथून अर्ध्यापर्यंत दंडगोल, अर्ध्यापासून एकापर्यंत वाकलेले किंवा सपाट द्विथर, आणि एकाच्या वर डोकी आत व शेपटे बाहेर असे उलटे पुंज, हा निकाल आपोआप हाती येतो.

सोडियम डोडेसिल सल्फेटवर ही रीत चालवून पाहता येते. टॅनफर्ड यांच्या सूत्रांनुसार १२ कार्बनच्या शेपटाची कमाल लांबी १.६७ नॅनोमीटर आणि आकारमान ०.३५ घन नॅनोमीटर येते; नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश. डोक्याचे क्षेत्रफळ साधारण ०.६ चौरस नॅनोमीटर धरल्यास गुणोत्तर ०.३५ येते, म्हणजे गोलाच्या मर्यादेवरून किंचित पलीकडे. १.६७ नॅनोमीटर त्रिज्येच्या गोलात अशी शेपटे बसवली तर ५५-५६ मावतात. प्रत्यक्ष मोजमापात एका मिसेलमध्ये ६० च्या आसपास रेणू सापडतात. म्हणजे पुंज अगदी गोल नाही, थोडा लंबगोल असला पाहिजे. तीन मापे आणि एक भागाकार एवढ्या भांडवलावर उत्तर इतके जवळ यावे, हे या सिद्धांताचे खरे यश आहे.

त्याच डोक्याला एकाऐवजी दोन शेपटे लावली तर लांबी आणि क्षेत्रफळ फारसे न बदलता आकारमान दुप्पट होते, गुणोत्तर ०.७ च्या घरात जाते आणि गोलाची शक्यता संपून द्विथर बनू लागतात. पेशींची आवरणे दोन शेपटांच्या फॉस्फोलिपिडांची असतात ती उगाच नव्हे; एका शेपटाच्या रेणूंनी पेशीला भिंत मिळाली नसती. याचा उलट पुरावा सर्पविषातून मिळतो. नाग आणि घोणस यांच्या विषांत फॉस्फोलायपेज ए-२ हे विकर असते आणि ते लेसिथिनच्या रेणूचे एक शेपूट छाटून टाकते. उरलेला एकशेपटी रेणू लायसोलेसिथिन या नावाने ओळखला जातो. तो द्विथरात नीट बसत नाही, त्याचा कल मिसेलकडे असतो, आणि तो पुरेसा साठला की तांबड्या रक्तपेशींचे आवरण विस्कटून त्या फुटतात. त्याच्या नावातील ‘लायसो’ हे विघटनवाचक उपपद या फुटण्यावरूनच आले आहे. एका रेणूच्या भूमितीत केलेली एक काटछाट पेशीच्या जिवावर कशी बेतते, याचे याहून नेमके उदाहरण मिळणे अवघड आहे.

मात्र संकुलन गुणोत्तर हे रेणूच्या आधारपत्रावर छापलेल्या जन्मतारखेसारखे अढळ मानले जाते, तेथून अभ्यासकाची चूक सुरू होते. शेपटाची लांबी आणि आकारमान रेणूच्या सूत्रावरून काढता येतात, हे खरे. पण डोक्याच्या वाट्याचे क्षेत्रफळ रेणूच्या अंगी नसते. ते डोक्यांच्या प्रतिकर्षणाने वाढते, शेपटांना पाण्यापासून झाकण्याच्या गरजेमुळे आक्रसते, आणि या दोहोंचा तोल जेथे साधतो तेथे ठरते. द्रावणातील मीठ, तापमान, संहती, शेजारी असलेला दुसरा पदार्थ, यांपैकी काहीही बदलले की तोल सरकतो. आर. नागराजन यांनी २००२ मध्ये तर असे दाखवून दिले की या तोलात शेपटाचाही हात असतो, आणि डोक्याचे क्षेत्रफळ म्हणजे केवळ डोक्याचे माप समजणाऱ्यांनी शेपटाकडे दुर्लक्ष केलेले आहे. म्हणून एखादा पृष्ठसक्रियक ‘गोल मिसेल बनवणारा’ आहे, असे विधान परिस्थिती सांगितल्याशिवाय अपुरे समजावे.

शाम्पू बनवणाऱ्या लहान कारखान्यांत ही गोष्ट रोज हाताळली जाते, तीही चमचाभर मिठाने. एसएलईएसच्या पातळ द्रावणात साधे मीठ टाकत गेल्यास सोडियमचे आयन डोक्यांमधील प्रतिकर्षणावर पडदा टाकतात, डोकी जवळ सरकतात, क्षेत्रफळ घटते, गुणोत्तर एक-तृतीयांश ओलांडते आणि गोल मिसेल लांबत जाऊन दोरखंडांसारखे होतात. हे दोरखंड एकमेकांत गुंतले की द्रावण मधासारखे दाट होते. हाव धरून मीठ वाढवले तर एका टप्प्यानंतर दाटपणा उतरू लागतो आणि शेवटी द्रावण गढुळते, आणि मग केलेला घाणा परत फिरवणे जड जाते. धनायनी पदार्थांत याहून नाट्यमय प्रकार दिसतो. सिटिल ट्रायमेथिल अमोनियम ब्रोमाइडच्या विरल द्रावणात सोडियम सॅलिसिलेट मिसळले की सॅलिसिलेटचे वलय डोक्यांच्या मधोमध शिरून बसते आणि पाण्यासारखे द्रावण जेलीसारखे होते. चंबू गोल फिरवून अचानक थांबवला तर आतले हवेचे बुडबुडे पुढे जाऊन पुन्हा मागे येतात. द्रवाने रबरासारखे मागे यावे, हे दृश्य एकदा पाहिलेला विद्यार्थी दंडगोल मिसेल विसरत नाही. मोडणाऱ्या आणि पुन्हा सांधल्या जाणाऱ्या या लांब पुंजांना ‘जिवंत बहुवारिके’ असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे.

भाररहित डोक्यांवर मिठापेक्षा तापमानाची हुकमत अधिक चालते. ऑक्सिएथिलीनचे डोके पाण्याशी हायड्रोजन बंधांनी बांधलेले असते. तापवत गेल्यास हे बंध सैल होतात, डोक्याभोवतीचे पाणी गळून पडते, डोके आक्रसते, आणि एका तापमानाला निवळशंख द्रावण दुधाळ होऊन अखेर दोन थरांत वेगळे होते. या तापमानाला मेघबिंदू म्हणतात. ट्रायटन एक्स-१०० या प्रयोगशाळेतील परिचित पदार्थाचा मेघबिंदू ६५ अंशांच्या जवळपास आहे. साखर असो वा मीठ, गरम केले की अधिक विरघळते ही सवयीची समजूत येथे उलटी पडते. जपानमधील कोझो शिनोडा यांनी याच गुणाचा उपयोग करून, तापमान बदलून तेलात-पाणी आणि पाण्यात-तेल अशी पायसे एकमेकांत कशी पालटतात ते दाखवले.

येथवरचा विचार एकेका पुंजाचा झाला. संहती वाढत जाऊन पुंजांना एकमेकांची दाटी होऊ लागली की प्रावस्थांचा, म्हणजे अंतर्गत रचना सर्वत्र एकसारखी असलेल्या वेगवेगळ्या अवस्थांचा प्रश्न उभा राहतो. पुंज सुटे असताना द्रावण साधे वाहते. पुढे दंडगोल एकमेकांना समांतर, षट्कोनी मांडणीत, जोंधळ्याच्या ताटांची पेंढी बांधावी तसे रचले जातात. याला षट्कोनी प्रावस्था म्हणतात. आणखी पुढे द्विथर आणि पाणी एकाआड एक, पापडांच्या चळतीसारखे रचले जाऊन स्तरित प्रावस्था बनते. या दोहोंच्या आधी किंवा मध्ये कधी कधी घनीय प्रावस्थाही येतात. या सर्वांत रेणूंची हालचाल द्रवासारखी आणि मांडणी स्फटिकासारखी असल्याने त्यांना द्रवस्फटिक म्हणतात. परस्परांशी काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवकांच्या मध्ये नमुना धरून सूक्ष्मदर्शकातून पाहिल्यास षट्कोनी प्रावस्थेत पंख्यासारखी नक्षी, स्तरित प्रावस्थेत प्रकाशाचे छोटे क्रूस दिसतात, आणि घनीय प्रावस्था काळीच राहते. ओळख पटवण्याची ही सर्वांत स्वस्त रीत आजही चालते.

आरंभीच्या पेस्टचे कोडे आता सुटते. ७० टक्क्यांची पेस्ट स्तरित प्रावस्थेत असते; चळतीतले पापड एकमेकांवरून घसरावेत तसे तिचे थर घसरतात, म्हणून ती दाट असूनही पंपात वाहते. पाणी वाढवल्यावर, साधारण ६० ते ३० टक्क्यांच्या पट्ट्यात, ती षट्कोनी प्रावस्थेत शिरते. बांधलेल्या पेंढीतील ताटे आपल्या लांबीच्या दिशेने कदाचित सरकतील, आडवी सरकत नाहीत, आणि म्हणून गोळा ताठ होतो. त्याखाली पेंढी सुटते आणि पुंज मोकळे होतात. युरोपातील साबण शिजवणाऱ्या कारागिरांनी या अवस्था शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी हाताच्या अंदाजाने ओळखल्या होत्या : वाहती, हवीहवीशी अवस्था त्यांच्या भाषेत ‘नीट सोप’ आणि कढईत अडकून बसणारी नकोशी अवस्था ‘मिडल सोप’. पहिली स्तरित, दुसरी षट्कोनी. कमी पाण्याच्या साबणाहून जास्त पाण्याचा साबण ताठ का, हे त्यांना सांगता येत नसे, पण मिठाच्या पाण्याची मात्रा कमी-जास्त करून त्या कचाट्यातून बाहेर कसे पडायचे हे पक्के ठाऊक होते. मॅकबेन यांच्या प्रावस्था-आलेखांनी या कारागिरीला नकाशा दिला, आणि पुढे क्ष-किरणांच्या साहाय्याने व्हित्तोरिओ लुझ्झाती यांनी त्या नकाशातील प्रदेशांची अंतर्गत मांडणी उलगडली.

डोके-शेपूट हे चित्र जेथे तोकडे पडते, अशा रेणूंकडेही वाचकाचे लक्ष वेधणे आवश्यक आहे. पित्तक्षारांना शेपूट असे नसतेच. चार वलयांची एक ताठ पट्टी असते, तिची एक बाजू जलस्नेही आणि दुसरी जलविरोधी. असे रेणू पाठीला पाठ लावून थोड्याथोडक्यांचे पुंज करतात आणि त्यांची क्रांतिक संहतीही ठळक वळणासारखी मिळत नाही. लेसिथिनच्या साथीने ते कोलेस्टेरॉलला विरघळलेले ठेवतात, आणि तेथील प्रमाण बिघडले की पित्तखडे होतात. रिठ्यातील सॅपोनिनांतही ताठ वलयांचा सांगाडा आणि त्याला जोडलेल्या शर्करांचे मोठे डोके असते. याउलट दोन डोकी आणि दोन शेपटे मध्ये दुव्याने जोडलेले ‘जेमिनी’ रेणू, हे नाव फ्रेड मेंगर यांनी १९९१ मध्ये दिले, एकेरी भावंडांच्या तुलनेत दहा-पंधरापट कमी संहतीला मिसेल बनवतात. फाट्यांच्या शेपटांची गोष्ट तर कारखान्याबाहेर नदीपर्यंत गेली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या प्रक्षालकांत फाटेदार शेपटाचे अल्किल बेंझीन सल्फोनेट वापरले जाई; ते स्वच्छता उत्तम करी, दुष्फेन पाण्यातही साबणासारखा साका धरत नसे, पण फाट्यांमुळे जिवाणूंना ते सहजी पचवता येत नसे, आणि पश्चिम जर्मनी व अमेरिकेतील नद्यांवर फेसाचे डोंगर साचू लागले. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत या देशांनी सरळ शेपटाचा पर्याय स्वीकारला. भारतातील बाजारात ‘ॲसिड स्लरी’ या नावाने जे काळपट, दाट द्रव्य धुण्याच्या पावडरीसाठी विकले जाते, ते याच सरळ शेपटाच्या घराण्यातले अम्ल आहे.

परिभाषेबाबत एक खुलासा. मराठीत या विषयावर सलग लेखन थोडे असल्याने संज्ञा अद्याप स्थिरावलेल्या नाहीत. प्रावस्था, पायस, कलिल, पृष्ठताण यांसारखे रुळलेले शब्द येथे तसेच ठेवले आहेत, तर मिसेलसारख्या शब्दाला ओढूनताणून पर्याय शोधलेला नाही. शालेय पुस्तकांनी दिलेले सुफेन आणि दुष्फेन हे शब्द मात्र इतके नेमके आहेत की त्यांना बाजूला सारण्याचे कारण दिसत नाही.

वाचकाला विनंती एकच. पुढील विवेचनाकडे वळण्यापूर्वी कागद घेऊन १६ कार्बनच्या शेपटाचा हिशेब स्वतः मांडून पाहावा : लांबी, नॅनोमीटरमध्ये, ०.१५ अधिक दर कार्बनमागे ०.१२६५, आकारमान, घन नॅनोमीटरमध्ये, ०.०२७४ अधिक दर कार्बनमागे ०.०२६९, डोक्याचे क्षेत्रफळ आधी ०.६ आणि मग ०.४ चौरस नॅनोमीटर धरावे, आणि गुणोत्तर एक-तृतीयांशाच्या कोणत्या बाजूला, किती दूर जाते ते पाहावे. दोन्ही उत्तरे समोर ठेवूनच पहिले प्रकरण उघडावे.